ईज कडाडली की पायाळूनं कुटं बसायचं

त्या दिशी नावेत आमी चौघं व्हतो. म्या, आमचे मालक, माझा धाकला दीर आन त्याची बायको, म्हंजी माझी जाऊ. पाचवं कुणी नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कावून की मागून गावात ज्यो त्यो असा बोलत व्हता, जसं काय त्या नावेत बाजाराच्या जीपीवाणी मानसं भरली व्हती आन समद्यांनी डोळ्यानं बगितलं. बगितलं आमी चौघांनी. ईजंला धरलं तर पाच.

आन हे आता सांगायचं कारण असं, की आमच्या घरात आनखी एक पायाळू आलीया. माझ्या नातीची लेक. अजून मान धरत न्हाई, पर पावसात तिला कुटं ठिवायचं याच्यावर आत्ताच बोलणं सुरू झालंय. माझं म्हणणं, घरात ठिवा. बाकीच्यास्नी ते पटायचं हाय.

पायाळू म्हंजी जलमताना डोस्क्याच्या आधी पाय बाहेर काढलेलं मानूस. म्या तसली. लोक अशा मानसाच्या दोन गोष्टी मानत्यात. एक, कुणाच्या कंबरंत उसण भरली आन पायाळूनं तितं लाथ घातली, की उसण निगून जाती. दुसरी, ईज पायाळूला हुडकत येती. म्हंजी आभाळ मोकळं असलं की म्या डाक्टर, आन आभाळ भरून आलं की म्याच रोग. सकाळच्याला ज्यानं कंबर म्होरं केली, त्योच सांजच्याला म्हणायचा, बाई, जरा लांब सर.

लहानपणी पाऊस आला की आई मला गोठ्यात नेऊन बसवायची. आई चांगली व्हती. अंगावर घ्यायला पोतं द्यायची, हातात भाकरीचा तुकडा द्यायची, डोळं पुसायची आन घरात जायची. घरात सात जीव व्हते, त्येंचा इचार तिला करावा लागायचा. गोठ्यात म्हैस व्हती. ती लई दुधाची व्हती, पर तिचं काय, हे कुणी इचारलं न्हाई. म्या आन म्हैस दोघी ईजंची वाट बगत बसायचो. ती आली न्हाई.

साळंतबी तेच. आभाळ आलं की बाकीच्या पोरींच्या आया वट्यावर येऊन हुब्या राह्यच्या. मास्तर म्हणले, तू आपली पावसाळा झाल्यावर ये. पावसाळा झाला, तवर घरी शेळ्या आल्या. माझी साळा दुसरीत राह्यली ती राह्यलीच. सही येती. बाकी हे सगळं सांगून लिवून घेतलंय.

लगीन मातर पायाळूपणावरच जमलं. सासूबाई बगायला आल्या त्या भिताडाला धरून आल्या. त्येंनी ना माझं नाक बगितलं ना रंग. म्हणल्या, "पोरी, जरा पाय लाव गं हितं." लावला. त्या सरळ हुब्या राह्यल्या, आन तितंच सुपारी फुटली. पावसाळा लागल्यावर त्येंनाच आठवलं की ह्या पोरीला दुसरीबी बाजू हाय. मंग मला परसातल्या शेळ्यांच्या छपरात जागा दिली. माहेरी म्हैस, सासरी शेळ्या. ईज न्हाई म्हणायला एकदा शेजाऱ्याच्या आंब्यावर पडली. म्या तवा छपरात व्हते, आंब्यावर नव्हते. तरी शेजारीण म्हैनाभर बोलली न्हाई. मंग तिची उसण भरली आन बोलाया लागली.

आमी भोई, मासं धरणारे. केजच्या अंगाला मांजरा धरणाचं पाणी पसरलंय, त्या पाण्यात आमचं जुनं गाव हाय. धरण झालं तवा लोक म्हणले, तुमचं काय बिगडलं, तुमी भोई, पाणी तुमच्या दारात आलं. दारातच आलं, खरं हाय. मंग दारावरून गेलं. आता गावातलं फकस्त एक टेकाड पाण्याच्या वर राह्यलंय, जुन्या वस्तीची पांढर. त्याच्यावर एक कडूलिंबाचं झाड व्हतं आन ढासळलेली पेवं हायत. पेव म्हंजी जुने लोक ज्वारी ठिवायला जिमनीत खोल खड्डा करायचे ते. आता त्येंची तोंडं पडून कंबरंइतके खड्डे झाल्यात. कधी काळी त्यात आमची ज्वारी व्हती. आता सरडे हायत.

नावेतल्या त्या दिसाला चार-पाच वरसं झाली असतील. रोहिण्या चालू व्हत्या. दुसऱ्या दिशी केजचा बाजार. एरवी आमी सांजच्याला जाळी लावतो आन पहाटं काढतो. पर आदल्या रातीला वारं लई, नाव काढता आली न्हाई, म्हणून जाळी सकाळी लावली आन दुपार कलल्यावर काढाया निगालो. निगायच्या आधी मालकांच्या कंबरंत म्या पाय लावून दिलता, कावून की वल्हं मारायचं त्येंना व्हतं.

नाव पत्र्याची. आधी लाकडाची व्हती, ती कुजली. नव्या नावेचं लई कौतुक, गळत न्हाई, हलकी हाय. पाण्यात जरा आत गेलो तसा दिराचा मोबाईल वाजला. त्येनं बगितलं आन म्हणला, "दादा, सरकार म्हणतंय, मेघगर्जना होणार. झाडाखाली थांबू नका."

"मंग कुटं थांबा म्हणतंय?" मालक म्हणले.

"पक्क्या घरात."

"हितं पाण्यात कुटं हाय बे पक्कं घर? इचार त्याला."

दोघं भाऊ हासले. मोबाईल खिशात गेला. तसला निरोप रोज यायचा आन रोज ऊन पडायचं, त्यात त्येंचीबी काय चूक न्हाई.

जाळी निम्मी निगाली. कटला चांगला लागलता, चिलापी तर मोप. जाऊ मासं सोडवून टोपल्यात टाकत व्हती आन म्या जाळं आवरत व्हते. तेवढ्यात उगवतीकडं काळं झालं. वारं पडलं. पाणी तव्यावाणी सपाट झालं आन टिटवी वरडत गेली. पहिल्यांदा लांब गुरगुरलं, तसं जावंनं मासा टोपल्यात टाकला आन माझ्याकडं बगितलं.

"आक्का, तुमी जरा तिकडं सरा की."

"कुटं सरू गं? नाव हाय ही, एसटी न्हाई."

तरी म्या सरले. सरले तशी नाव कलली. दीर म्हणला, "वैनी, मधी बसा, मधी बसा!" मधी आले, तर जाऊ मागं सरली. असं दोन-तीनदा झालं. मंग दीर तोंड वाकडं करून म्हणला, "वैनी, राग मानू नका. पर पायाळू मानूस, त्यात पत्र्याची नाव..."

"मंग उतरू का?"

पाणी तितं दोन पुरुष खोल असंल. कुणी हो म्हणलं न्हाई, हे त्येंचं चांगलंच. पर न्हाई म्हणायलाबी जरा येळच लागला.

मालक काईच बोलले न्हाईत. वल्हं मारत राह्यले. सगळा जलम त्येंनी असाच काढला. तोंडाची गरज पडली की हाताला काम लावायचं. म्या त्येंच्याकडं बगत व्हते. म्हणलं, आता म्हणतील, गप बसा, तिला काय बोलता. तर ते म्हणले, "पांढर जवळ हाय. तितं लावू."

काठ लई लांब व्हता, हे खरं. आमी पांढरीला लागलो तवा पहिले थेंब पडले, रुपायाएवढे. नाव चिखलात वढली. दीर म्हणला, "आमी लिंबाखाली जातो. वैनी, तुमी त्या पेवात बसा. तेवढंच लांब." आन वर म्हणला, "तितं वारंबी लागायचं न्हाई तुमाला." म्हंजी माझ्याच सुखासाठी.

म्या खताचं पोतं डोस्क्यावर घेतलं आन निगाले. मालकांनी मागून हाक मारली. म्हणलं, बोलले एकदाचे. तर म्हणले, "पोतं हाय का?"

"हाय."

"बरं."

पेवात उकिडवी बसले. पाऊस असा आला की काय सांगावं. खड्ड्याच्या कडंवरून लिंब दिसत व्हतं. हाक गेली असती एवढं लांब. मालक बुंध्याला पाठ लावून बसले आन बिडी पेटवाया लागले. बुंधा रुंद, वर पाला दाट, जागा कोरडी. बगूनच वाटलं, मानसानं पायाळू जलमू नये.

जाऊ मासळीचं टोपलं उचलून वर चालली व्हती. निम्म्या वाटंत पाय घसरला, टोपलं तिनं सोडलं न्हाई, आन कंबर धरली. "आई गं!" ते पावसातबी मला ऐकू आलं. वाकली ती वाकलीच. दिरानं टोपलं लिंबाखाली नेऊन ठिवलं, आधी टोपलं, आन मंग बायकोला धरून माझ्याकडं वढत आनली.

"वैनी, हिची उसण भरली. एक लाथ घाला बिगीबिगी, लगेच जातो आमी."

"पावसात?" म्या म्हणलं. "पावसात तर म्या ईज बोलावते म्हणं."

"आता चेष्टा करायची येळ हाय का वैनी?"

जाऊ वाकल्या वाकल्या म्हणली, "आक्का, पाया पडते."

"पडलेलीच हायस की. आनखी किती पडशील."

आता म्होरचं नीट आयका, कावून की लोक मागून म्हणले मला ईजंचं कळत व्हतं. मला ईजंचं काय कळत नव्हतं. मला राग आलता. नावेत ज्याच्या तोंडातून माझ्यासाठी एक शबुद निगाला न्हाई त्यो तिकडं कोरड्यात बिडी वढतोय, आन माझा पाय मातर समद्यांना पायजे. म्या म्हणलं, "भावजी, आधी तुमच्या दादाला हिकडं बोलवा. त्येंनी माझ्याम्होरं हुबं राहून तोंडानं म्हणावं, हिला पाय लाव. मंग लावते."

"आवो वैनी!"

"न्हाई तर जा. ईज येईल."

दिरानं हाक मारली. "दादा! ए दादा! वैनी हटून बसली!"

"काय म्हणती?"

"तू आल्याबिगर पाय लावत न्हाई म्हणती!"

"म्हणावं लाव!"

"हितं येऊन म्हण म्हणती!"

मालकांनी हात झटकला आन बिडी तोंडात घातली. उठंचनात. तवा जाऊ वरडली, "आवो दादा, या की वो! मरते म्या!" आमच्यात धाकल्या भावाच्या बायकोनं थोरल्याला तोंडानं हाक मारायची न्हाई. घरात आली तवापासून ती त्येंच्यासंगं एक अक्षर बोलली नव्हती. कंबरंनं त्यो कायदा मोडला. मालक दचकून उठले. ते माझ्यासाठी उठले असं म्या कवाच म्हणत न्हाई.

बिडी हातात धरून, शिव्या देत, पावसात भिजत ते आले. पेवाच्या कडंला हुबे राह्यले. म्हणले, "लाव बाई पाय. काय तमाशा..."

तेवढंच.

पांढरं झालं सगळं. आवाज म्या ऐकला असं मला आठवत न्हाई. डोळं उघडले तर मालक माझ्या अंगावर, दीर त्येंच्या पायावर, आन जाऊ खड्ड्याच्या पार त्या कोपऱ्यात सरळ बसलेली, दोन्ही हात कानावर. जळक्या सालीचा वास येत व्हता. लिंब शेंड्यापासनं बुडापर्यंत फाटलं व्हतं, साल सोलून लांब पडली व्हती, आन जितं मालक बसले व्हते तितनं धूर निगत व्हता. पावसात धूर. टोपलं उलटं झालं व्हतं. मासं चिखलात पसरले व्हते, चांगला कटला व्हता त्यो.

लई येळानं दीर म्हणला, "दादा, हायस का?"

मालक काय बोलले न्हाईत. ते त्येंचं नेहमीचंच, म्हणून आमी कुणी भ्यालो न्हाई. मागून कळलं, त्येंना ऐकू गेलं न्हाई.

आभाळ आनखी गरजत व्हतं. पेवात पाणी घोट्यापर्यंत आलं, मंग पोटऱ्यापर्यंत. चौघं एकाला एक चिकटून बसलो. म्या म्हणलं, "भावजी, जरा लांब सरा की. पायाळू हाय म्या." दीर हासला न्हाई. जाऊ माझ्या दंडाला धरून व्हती, आन सुटता सुटंना. तिला म्या इचारलं, "कंबर?" तिनं हात फिरवून बगितला. उसण गेली व्हती. पाय म्या लावलाच न्हाई, हे आजपतुर तिला खरं वाटत न्हाई.

गावात आलो आन गोष्ट आमच्याम्होरं पळाली. एक म्हणला, पायाळू व्हती म्हणूनच ईज तितं आली. दुसऱ्यानं इचारलं, मंग तिच्यावर का पडली न्हाई? तर म्हणं, नेम चुकला. लिंबाचंबी लोकांना वाईट वाटलं. मालक बुंध्याला बसले व्हते आन त्येंना तितनं उठवलं कुणी, हे मातर इचारायचं सगळेच इसरले. जाऊ हौदावर सांगायची, आक्काचा पाय लागला आन कंबर मोकळी झाली. तितंच पुढं सांगायची, आक्का संगं व्हती म्हणून ईज आली. दोन्ही एकाच दमात. मालकांना इचारलं की ते दोन्हीला "हां" म्हणायचे. त्येंचा डावा कान गेला. बाजंवर म्या त्याच बाजूला झोपते.

त्याच साली मिरगात पुन्हा आभाळ कडाडलं. म्या सवयीनं पोतं घेतलं आन परसाकडं निगाले. मालक बाजंवर बसलते.

"कुटं निगालीस?"

"शेळ्यांत."

ते जरासं बाजूला सरले आन म्हणले, "बस हितं. तू हटून बसली की मला पावसात यावं लागतं."

बसले. शेळ्या वरडत व्हत्या, म्हणून मंग त्येंनाबी घरात घेतलं. चाळीस-पन्नास वरसांत पहिल्यांदा म्या आपल्या घरात बसून पाऊस बगितला. घर सगळीकडनं गळत व्हतं, हे मला तवा कळलं.

आता ह्या लेकराचं. पोटात ती उलटी व्हती, म्हणून अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोट फाडून काढली. जाऊ संगं आलती. डाक्टरीणबाईला तिनं इचारलं, "आधी काय निगालं वो, पाय का डोस्कं?" बाई म्हणली, "बाळ निघालं, आजी." जावंचं समाधान झालं न्हाई. घरी आल्यावर तिनं निकाल दिला, वाटंनं आली असती तर पायानंच आली असती, म्हंजी पायाळूच. आन पाचवी पूजायच्या आधी त्या लेकराचा बोटाएवढा पाय धरून आपल्या कंबरंला लावून घेतला. म्हणली, आराम पडला.

परवा जरा गडगडलं, तशी जाऊच म्हणली, "पोरीला पडवीत झोपवा गं." माझ्याच संगं पेवात बसलेली बाई ही. म्या लेकरू उचललं, घराच्या मधोमध मांडीवर घेतलं आन म्हणलं, "काढ बगू हितनं." मालक उठून दारात जाऊन बसले. का बसले, बोलले न्हाईत.

पर नात आता सासरी जाईल, वडवणीकडं. शेतात घर हाय त्येंचं, बांधावर मोठमोठी झाडं हायत. मानसं चांगली हायत. चांगल्याच मानसांची भीती वाटती. माझी आईबी चांगलीच व्हती. आन तितं म्या नसणार. मालकांना तर आता उजव्या कानानंबी कमी येतं.

म्हणून जो कुणी हे वाचंल त्येला एक मागणं हाय. आभाळ कडाडत असंल आन गोठ्यात, पडवीत न्हाईतर झाडाखाली एकटं बसवलेलं लेकरू तुमाला दिसलं, तर त्याला उचला आन घरात घ्या. ते कसं जलमलं, ते पाऊस उघडल्यावर इचारा.